रोपांचे आभार मानायचे नसतात

माझं नाव सेर्व्हात्सी. आमच्या डेंब्लिन गावात या नावाचा आता मी एकटाच उरलोय, आणि लोकांनी मलाही केवळ चेष्टेची सोय म्हणून जपून ठेवलंय असा मला संशय आहे. माझा जन्म तेरा मेचा. त्या दिवशी ज्या संताचा मान असतो त्याचं नाव आईने उचललं आणि माझ्या गळ्यात अडकवलं. हा संत साधासुधा असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण बारा, तेरा आणि चौदा मे हे तीन दिवस आमच्याकडे गारठ्याच्या संतांचे आहेत. पंधराला थंड झोफिया येते. एप्रिलमध्ये कितीही ऊन तापो, हे चौघं येऊन गेल्याशिवाय शहाणा माणूस टोमॅटो उघड्यावर लावत नाही. मे महिन्यात रोपं करपली की सबंध देशाच्या शिव्या ज्याला बसतात, त्याच्याच नावाचा मी.

रेल्वेच्या मालधक्क्यामागे भाजीबाग आहे. आमच्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तिथे एकेक प्लॉट मिळतो. बागेच्या समितीच्या अध्यक्ष लेओकादियाबाई दर वसंतात मला विचारतात, "काय सेर्व्हात्सी, यंदा कधी सोडताय गारठा?" आणि हा विनोद आजच सुचल्यासारख्या हसतात. मीही हसतो. बावीस वर्षं हसतोय.

नोकरी म्हणाल तर चौतीस वर्षं गाडीत तिकिटं तपासली. तिकीट दाखवा, धन्यवाद, प्रवास सुखाचा होवो. दिवसाला चारशे वेळा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी 'धन्यवाद' तोंडातून गेलेला नाही. लिफ्टचं दार उघडलं तरी मी धन्यवाद म्हणतो. एकदा रस्त्यात एका माणसाने मला धक्का दिला, तर त्यालाही म्हणालो. दुसरी खोड नियमांची. नियम म्हणजे नियम, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की माझी बायको ते माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

बायकोचं नाव बोगुमिवा, मी बोगुशा म्हणतो. या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिला तीन आठवडे बुस्कोच्या आरोग्यधामात जावं लागलं. चोवीस एप्रिल ते पंधरा मे. म्हणजे नेमके तेच तीन आठवडे, जेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रोपं असतात. टोमॅटोची चोवीस, झुकिनीची सहा. सगळी माझ्या केफिरच्या, निळ्या गायीचं चित्र असलेल्या पेल्यांत. केफिर म्हणजे आमचं आंबट, पातळ, पिण्याचं दही. मी रोज सकाळी एक पेला पितो. बोगुशा तो पेला धुते आणि बुडाला खिळ्याने भोक पाडून ठेवते. वर्षभरात बागेसाठी मी करतो ते काम एवढंच.

झुकिनीचं कोणाला काही वाटत नाही. ती येतेच. ऑगस्टमध्ये इतकी येते की लोक शेजाऱ्याच्या दारात ठेवून पळ काढतात. खरी गोष्ट टोमॅटोची होती. तो माझ्या सासूबाईंचा टोमॅटो. गुलाबी, वेडावाकडा, पिकला की आपसूक तडकणारा. दुकानात मिळत नाही, पाकिटात मिळत नाही. सासूबाई गेल्या, त्यांचं घर विकलं, भांडी बहिणींनी वाटून घेतली. बोगुशाच्या वाट्याला हे बी आलं. दर ऑगस्टला ती एका फळाचं बी रुमालावर वाळवते. मागच्या वर्षी करपा आला आणि आठवड्यात सगळ्या बागेचे टोमॅटो कुजले. तिने एक फळ वाचवलं, तेही अर्धं. त्यातून पस्तीस रोपं उगवली. मार्चअखेर ती पेल्यांत हलवताना अकरा गेली, असं ती म्हणाली. मी काही विचारलं नाही. आमच्या संसारात मी मुळात फार कमी विचारलंय.

बसमध्ये चढताना तिने माझी बाही धरली. "सेर्व्हात्सी, बी उरलेलं नाही. एक दाणाही नाही. कळलं?"

"कळलं."

"झोफियाच्या आधी लावायचं नाही."

"मी काय लहान मूल आहे?"

"लहान मूल असतास तर शेजारणीकडे ठेवून गेले असते," ती म्हणाली आणि बसचं दार लागलं. मी दाराला धन्यवाद म्हणालो.

फ्रिजवर तिने अकरा सूचना चिकटवल्या होत्या. दिवसा रोपं गॅलरीत, रात्री आत. मातीत बोट घालून बघ, मगच पाणी. रोज पानांवरून अलगद हात फिरव, म्हणजे देठ जाड होतात. अकरावीखाली दोन रेघा होत्या: कोणी रोपं दिली तर आभार मानू नकोस. हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. ज्या रोपाचे आभार मानले ते लागत नाही. उलट चोरून आणलेलं रोप दगडातही लागतं. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या चुलतबहिणीला स्ट्रॉबेरीच्या रोपांबद्दल धन्यवाद म्हणालो होतो. एकही जगलं नाही. घरात तो विषय अजून मिटलेला नाही.

मी लगेच वेळापत्रक आखलं. सहा दहाला पाणी. साडेआठला तीस पेल्यांचं गॅलरीकडे प्रस्थान. पाच चाळीसला आगमन. पाणी वेळेवर, मग माती ओली असो की कोरडी. पाचव्या दिवशी पेल्यांतून चिलटं उडू लागली.

"बोट घालतोस ना मातीत?" बोगुशाने फोनवर विचारलं.

"घालतो."

फोन ठेवला आणि पहिल्यांदा घातलं. भाताच्या खिरीत घातल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून मात्र मी वेळापत्रक गुंडाळून ठेवलं आणि बोटाला विचारून पाणी घालू लागलो. पानांवरून हात फिरवू लागलो. हाताला टोमॅटोच्या पानांचा तो उग्र, हिरवा वास राहायचा. सासूबाईंच्या एप्रनला तोच वास यायचा. सासूबाई आणि माझं कधी जमलं नाही, त्या मला तोंडावर 'तिकीटमास्तर' म्हणायच्या. तरी तो वास घेत मी टीव्हीसमोर बसू लागलो. खोटं कशाला बोलू, मला आवडायला लागलं होतं. झुकिनीची पानं तर बशीएवढी झाली. रोपं जोमात होती, आणि ते माझ्यामुळे, असं मला वाटू लागलं. तिथेच घात झाला.

नऊ मेला पंचवीस डिग्री होतं, आमच्याकडे म्हणजे भर उन्हाळाच. बागेतल्या बाकावर लेओकादियाबाई टोपी घालून बसल्या होत्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बावीस वर्षं हसणारा मी त्या दिवशी हसलो नाही.

"यंदा गारठा येणार नाही," मी म्हणालो.

"असं? कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. माझं नाव सेर्व्हात्सी आहे. मला नाही कळणार तर कोणाला?"

"मग लावा की टोमॅटो!" त्या म्हणाल्या. चेष्टेने म्हणाल्या, हे मला आता कळतं.

दुपारी दोन खोक्यांत चोवीस रोपं भरून बसने आणली. दोरी धरून सहा-सहाच्या चार रांगा लावल्या. अशा सरळ रांगा त्या बागेने कधी पाहिल्या नसतील. झुकिनी खोक्यात मावली नाही म्हणून घरी राहिली. ती वाचली ती एवढ्यामुळेच, माझ्या अकलेचा त्यात काही संबंध नाही.

बारा मेच्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, पहाटे उणे तीन. जुन्या चादरी घेऊन बागेत जायला मला अर्धा तास पुरला असता. पण लेओकादियाबाई उशिरापर्यंत तिथे असतात. मी चादरी पांघरताना दिसलो असतो तर त्या हसल्या असत्या. म्हणून गेलो नाही. याहून दुसरं कारण नव्हतं.

तेरा मेला, माझ्याच संताच्या दिवशी, सकाळी सातला बागेत पोचलो. चार सरळ रांगांत चोवीस काळ्या, ओल्या चिंध्या पडल्या होत्या. उकडलेला पालक जमिनीवर सांडावा तशा. मी एकेक उचलून पाहिली. एखाद्या तरी देठात हिरवं असेल म्हणून सगळी पाहिली.

तेवढ्यात फोन वाजला. "शंभर वर्षं जग, म्हाताऱ्या!" बोगुशा ओरडली. वाढदिवसाला आम्ही हेच म्हणतो. "रोपं कशी आहेत?"

"हिरवीगार आहेत," मी म्हणालो. मी झुकिनीबद्दल बोलत होतो, अशी मनाची समजूत घातली.

"आईला आज फार बरं वाटलं असतं," ती म्हणाली. फोन बंद झाल्यावर मी खाली बसलो आणि रडलो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, चिखलात, स्वतःच्या वाढदिवशी.

आता व्हालेंतीबद्दल सांगायला हवं. शेजारचा प्लॉट त्याचा. मध्ये कमरेएवढं तारेचं कुंपण. तो रेल्वेतच रूळ तपासायला होता, एकटा जीव, पूर्वी आम्ही दर रविवारी पत्ते खेळायचो. नऊ वर्षांपूर्वी, माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, तो मला गाडीत भेटला. मांडीवर एक मोठं खोकं होतं. पास पाहिला तर आदल्या दिवशीच संपलेला. तो म्हणाला, "अरे, उद्या नवीन काढतो." मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम," आणि पुढच्या आडस्टेशनावर त्याला उतरवलं. गाडी हलली आणि गारा सुरू झाल्या. मी ते खिडकीतून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

तर मी डोळे पुसत उठलो, तेव्हा व्हालेंती त्याच्या बुटक्या पॉलिहाऊसचा पडदा गुंडाळत होता. आत अकरा पेले ओळीने उभे होते. त्यावर निळी गाय. माझं केफिर! प्रत्येक पेल्यात टोमॅटोचं ठणठणीत रोप आणि आइसक्रीमची काडी. काडीवर बोगुशाच्या अक्षरात लिहिलेलं: आई.

हलवताना गेलेली अकरा ती हीच. या वयात, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बायकोवरून, मला क्षणभर चक्क व्हालेंतीचा मत्सर वाटला.

"गेली का सगळी?" व्हालेंतीने विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"सगळी."

"तू लावत होतास तेव्हा मी बघत होतो. म्हटलं, सांगावं. मग म्हटलं, याचं नाव सेर्व्हात्सी, याला काही आतली बातमी असेल."

"ते पेले माझे आहेत," मी म्हणालो. सुचलं काय, तर हे.

"तुझेच. दरवर्षी तूच पाठवतोस ना."

"मी?"

"मग कोण? बोगुमिवावहिनी आणून देतात. सेर्व्हात्सीने पाठवली म्हणतात, त्या खोक्यातली गारांत झोडपली गेली त्याबद्दल."

मला खोकं आठवलं. "त्यात रोपं होती?"

"नाहीतर काय, बूट? बहिणीकडून आणत होतो. एक नाही वाचलं."

मी कुंपणाचा खांब धरला. माझी बायको नऊ वर्षं माझ्या नावाने माझी चूक निस्तरत होती, आणि मी मात्र तिला केफिरचे पेले कमी का होतात असं विचारत होतो.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"कसा बोलू?" तो वैतागून म्हणाला. "पहिल्या वर्षी रोपं आली तेव्हाच माझा राग गेला. पण बोलायला आलो असतो तर आधी काय बोललो असतो? आभारच की! आणि टोमॅटो मेले असते. म्हटलं, ऑगस्टपर्यंत थांबू. ऑगस्टमध्ये तू तोंड फिरवून गेलास. मग पुढचा मे आला, पुन्हा रोपं. दरवर्षी हेच."

एवढं बोलून तो आत गेला आणि पेले एका पेटीत रचू लागला. "मागच्या वर्षी माझंही सगळं कुजलं, म्हणून तीन ठेवतो बियाला. आठ तू ने. पण झोफियाच्या आधी लावलीस तर तंगडं मोडीन."

पेटी कुंपणावरून माझ्या हातात आली. ज्याला मी गारांत उतरवलं, तो मला माझ्या सासूबाईंचे टोमॅटो परत देत होता. चौतीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"धन्यवाद," मी म्हणालो. "प्रवास सुखा…"

व्हालेंतीचा चेहरा पांढरा पडला. "काय म्हणालास?"

"काही नाही."

"म्हणालास! मी ऐकलं!" त्याने पेटी हिसकावून घेतली. "अरे, जगात एवढीच उरलीत, आणि तू… कुलूपवाल्याला विचारून ये, तुझ्या जिभेला कुलूप बसतं का!"

"आता काय करायचं?"

तो विचार करत उभा राहिला. मग पेटी नेऊन त्याच्या प्लॉटच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. "मी काही दिलेलं नाही. तू चोर."

"मी? अरे, मी चौतीस वर्षं…"

"मी चहा टाकायला झोपडीत जातोय. पाठ करून बसणार आहे. लवकर आटप."

"फाटक उघडं आहे ना?"

"फाटकातून चोर येतो का, गाढवा? कुंपणावरून ये!"

मी कुंपणावर चढलो. पलीकडे उतरताना त्याचे मुळे तुडवले. पेटी उचलली. परतताना एक पाय अलीकडे, एक पलीकडे, पेटी डोक्यावर, आणि पँट तारेत अडकलेली, अशा अवस्थेत असताना सायकलची घंटी वाजली. लेओकादियाबाई.

इथे एक कबुली द्यायची राहिली. गेल्या शरदात बागेतून कांदे चोरीला गेले, तेव्हा वार्षिक सभेत एक ठराव झाला होता. चोर सापडला तर त्याचं नाव गेटवरच्या काचेच्या फळ्यावर लावावं, वय किंवा पूर्वीची नोकरी न पाहता. ठराव मांडणारा मीच. टाळ्याही पडल्या होत्या.

"सेर्व्हात्सी, हे काय चाललंय?"

"रोपं नेतोय."

"कोणाची?"

"व्हालेंतीची."

"त्याने दिली?"

'हो' म्हणावं तर रोपं जातात, 'नाही' म्हणावं तर मी जातो. तेवढ्यात व्हालेंती किटली घेऊन बाहेर आला.

"व्हालेंती, तुम्ही याला ही रोपं दिलीत का?"

व्हालेंतीने माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "नाही."

"म्हणजे चोरली?"

"चोरली."

"तक्रार आहे तुमची?"

"तक्रार नाही. पण दिलेली नाहीत, एवढं लिहून घ्या."

लेओकादियाबाईंनी माझ्या काळ्या पडलेल्या चार रांगांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. त्या चाळीस वर्षं टोमॅटो लावतात, त्यांना सांगावं लागत नाही. "हा धन्यवाद म्हणाला की काय?" त्यांनी व्हालेंतीला हळूच विचारलं. त्याने मान डोलावली.

"मग चिठ्ठी लावायलाच हवी," त्या म्हणाल्या. "चोरी अर्धवट राहून कशी चालेल?"

दुपारी गेटवर चिठ्ठी लागली: प्लॉट क्रमांक अठ्ठेचाळीसचे सेर्व्हात्सी यांनी प्लॉट क्रमांक सत्तेचाळीसमधून टोमॅटोची आठ रोपं चोरली. ताकीद देण्यात आली आहे. खाली शिक्का. मी तिच्याखाली झुकिनीचे दोन पेले ठेवून दिले, कोणीही चोरावे म्हणून. दोन दिवस ते तसेच होते.

पंधरा मेला बोगुशाची बस आली. मी स्टॉपवर हातगाडी घेऊन उभा होतो. गाडीत आठ टोमॅटो आणि चार झुकिनी. तिने काठी टेकवली आणि मोजलं. तिचा चेहरा उतरला.

"आठ?"

दोन दिवस मी भाषण पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. "आधी गेटवर चल," मी म्हणालो. बागेचं गेट शंभर पावलांवर होतं. म्हटलं, वाचू दे.

तिने चिठ्ठी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग माझ्याकडे वळली.

"धन्यवाद म्हणालास?"

"म्हणालो."

"आणि चोरताना त्याची पाठ होती ना?"

"होती. चहा करत होता."

"फाटकातून नाही ना गेलास?"

मी पँटचं ठिगळ दाखवलं. तिने ते वाकून, नीट निरखून पाहिलं.

"मग लागतील," ती म्हणाली.

प्लॉटवर ती स्टुलावर बसली, मी खड्डे खणले. या वेळी रांगा वाकड्या आल्या. चोवीस कशी गेली ते मी तिला सांगितलं, चादरींचंही सांगितलं. तिने पहिलं रोप हातात घेतलं, त्याच्या पानांवरून तळवा फिरवला, तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. डोळे पुसले. मग काडी मातीत खोचली.

कुंपणापलीकडे व्हालेंती रिकाम्या झारीने मुळ्यांना पाणी घालत होता.

"नऊ वर्षं," मी म्हणालो. "माझ्या नावाने?"

"पेले तुझेच होते," ती म्हणाली. "खोटं काय त्यात?"

आठवं रोप लावून झालं. मी गुडघ्यांवर बसून तिच्याकडे पाहत राहिलो. एकेचाळीस वर्षांच्या संसाराचं काहीतरी ओठांवर आलं. मी तोंड उघडलं.

तिने मातीने भरलेला हात थेट माझ्या तोंडावर दाबला. "गप्प! अजून मुळं धरली नाहीत."

मी गप्प बसलो. आता ऑगस्टपर्यंत थांबायचं आहे.